फाट्यावर कोण थांबणार?

१ मे १९९७, गुरुवार

आज शाळेत झेंडावंदन, निकाल आणि ग्रामसभा असे तिन्ही एकदम उरकले. बेबीनंदा सातवी पास झाली, वर्गात दुसरी. माझ्या पाया पडली आणि लगेच पळाली. आजोबा काहीतरी म्हणून दाखवतील याची भीती असावी.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला भोकरदनला जावे लागते. मुलगे जातात. मुलगी मात्र आजवर एकही गेली नाही. सातवी झाली की पोरगी घरात, मग शेतात, मग पाहुणे बघायला सुरू. यंदा पाच मुली पास झाल्या आहेत. हेडमास्तर साहेबराव गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, मुलींना एसटीचा पास आता फुकट हाये. गावाला चार शब्द सांगा. तुमच्यासारखं वक्तृत्व कुनाला न्हाई."

गावात लग्न असो, सत्कार असो की कुणाचा दहावा, माईक माझ्याकडे येतोच. बायको झुंबर म्हणते, माईक येत नाही, तुम्ही जाता.

सुरुवात पहाटेच्या वर्णनाने केली. मग काशिनाथ गुरुजींनी लहानपणी पाठ करून घेतलेली ओळ सोडली:

पाण्या, तुझी रे शाळा कुठे?
डोंगर जेथे वळून फुटे!

तिचा अर्थ मुलींच्या शिक्षणाला कसा लागू पडतो ते सविस्तर सांगितले. भाषण चालू असताना मध्येच टाळ्या पडल्या, त्याही तीन वेळा. माझे संपण्याची वाटसुद्धा कुणी पाहिली नाही. काही श्रोते तर भारावून उभे राहिले आणि तसेच घराकडे गेले.

घरी आलो तर शिवाजी बैलांना पाणी दाखवीत होता. माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, "आबाला म्हनावं गूळपानी घ्या. घसा बसला आसंल."

लेकाला काळजी आहे.

४ मे, रविवार

दाखला न्यायला एकही बाप शाळेकडे फिरकला नाही, असे गुरुजींनी सांगितले. मी म्हटले, विचार मुरायला वेळ लागतो.

दुपारी डोळा लागत नव्हता. काशिनाथ गुरुजी आठवत राहिले. निजामाचे दिवस. वरच्या वर्गांत सगळे उर्दूत, पण आमच्या चौथीत मराठी कवितेचा तास होता, आणि तो तास म्हणजे आंब्याच्या आढीत हात घालण्यासारखा. गुरुजी म्हणायचे, "तातेराव, म्हणताना पोरांच्या तोंडाकडे बघू नको, हसू येईल. मागच्या भिंतीकडे बघ. भिंतीला ऐकू गेलं म्हणजे सगळ्यांना गेलं." मी आजही तसेच बोलतो. एक मेच्या सभेत समोर शाळेची भिंत होती आणि तिच्यावर 'पाणी उकळून प्या' असे लिहिले होते. कोण कोण आले होते विचारले तर सांगता येणार नाही.

९ मे

सुनेचा भाऊ तीर्थपुरीहून आला होता. जेवताना म्हणाला, "बेबीसाठी आमच्याकडं एक जागा हाये. बागाईत जमीन, एकुलता एक." सून मालन म्हणाली, "भाऊ, तेरा वर्साची हाये ती." तो म्हणाला, "आत्ता कोन म्हनतं? नजरंत ठिवायची. शाळा तर सुटलीच हाये न्हवं?"

शिवाजी भाकरी कुस्करत राहिला. आत बेबीनंदाने ताटे जरा जोरात ठेवली. मी मध्ये पडलो नाही. जेवणाच्या पंगतीत भाषण शोभत नाही.

१४ मे, बुधवार

रखमाजीचा आज दहावा. माझ्या बरोबरीचा होता. केदारखेड्याला नदीवर विधी झाला. महाराजांचे प्रवचन झाल्यावर श्रद्धांजलीसाठी बॅटरीवरचा भोंगा माझ्या हाती आला.

पिंड मांडले होते पण कावळा शिवेना. चार-पाच कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. ऊन चढत चालले. रखमाजीचा मुलगा मच्छिंद्र ओल्या धोतराने हात जोडून उभा. रीतीप्रमाणे मेलेल्या माणसाच्या मनात काय अडकले असेल ते ओळखून वचने देणे सुरू झाले. "दादा, आईला अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. "दादा, बांधाचं भांडन मिटवून टाकतो." नाही. "ढवळ्या बैल इकनार न्हाई, मरस्तोर संभाळीन." तरी नाही. बायका रडायच्या थांबल्या होत्या, पोरे भुकेने कुरकुरत होती.

तेव्हा मला स्फुरले. भोंग्यातून म्हणालो, "बंधूंनो, रखमाजीचा जीव नातीत गुंतला आहे! द्वारका सातवी पास झाली. तिला पुढे शिकवण्याचं वचन द्या, पहा कसा मार्ग मोकळा होतो!" आणि पाण्याच्या शाळेची ओळ म्हटली, दोनदा.

मच्छिंद्रने माझ्याकडे पाहिले. मग वर कावळ्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "बरं. घालतो शाळंत."

कावळा तरी आला नाही. मी विवेचन करीत राहिलो. शेवटी कुणीतरी भोंगा माझ्या हातातून अलगद घेतला आणि मला खाली बसवले. मी बसलो, शांतता पसरली आणि कावळ्याने झेप घेतली. मागून कुणीतरी म्हणाले, "बसले बरं आबा. बिचारं पाखरू भेलं व्हतं." लोक अशा प्रसंगीही विनोद करतात.

पण माझ्या शेवटच्या शब्दानंतर तो आला, हे सर्वांनी पाहिले आहे. एवढा परिणाम माझ्या कोणत्याच भाषणाचा झाला नव्हता.

१५ मे

सकाळीच मच्छिंद्र आला. मुंडण केलेले डोके, डोळे लाल. मला वाटले आभार मानायला आला.

"आबा, तुमी मला कुठं आडकवलं?"

"अरे, पुण्याचं काम..."

"पुन्याचं? बापाच्या दहाव्याला भर लोकांत वचन घेतलं तुमी माझ्याकडून. त्ये आता मोडता येतंय का? अन् येकटी पोरगी कशी पाठवू मी? बाकी चार घरची कोनी पाठवून राह्यलंय का? बेबीनंदाचं नाव घातलंय का तुमी?"

मी म्हटले, "तिचा विषय शिवाजीकडं आहे."

"मंग शिवाजीकडून कव्हा वचन घेता? का त्याच्यासाठी बी कोनी मरायची वाट पाहून राह्यले?"

झुंबरने त्याला पाणी दिले. तो प्यायला नाही, पण तांब्याला हात लावून गेला.

दिवसभर कशात लक्ष लागले नाही. त्याचे बोलणे उद्धट होते. पण उत्तर सुचले नाही, आणि उत्तर न सुचण्याची मला सवय नाही.

१८ मे, रविवार

आमच्या घरात बाप-लेकाचे बोलणे झुंबरच्या मार्फत चालते. भांडण नाही, अबोला नाही, तशी पद्धतच आहे. माझे वडील आणि मीही असेच. पेरणीला बियाणे कोणते हे मी झुंबरला विचारतो, ती शिवाजीला विचारते, तो तिला सांगतो आणि ती मला. आम्ही तिघेही तेव्हा एकाच ओसरीवर असतो.

म्हणून आज तिला म्हटले, "शिवाजीला विचार, बेबीच्या शाळेचं काय."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "न्हाई विचारत."

"का?"

"तीस वर्सं झाली, माझ्या तोंडानं बोलून राह्यले दोघं. अख्ख्या गावाशी बोलता येतं तुमाला, कावळ्याशी बी येतं. येका लेकाशी बोला."

२१ मे

शिवाजीसाठी भाषण तयार केले. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. गोठ्यात उभा राहून म्हणून पाहिले. आवाजाचा चढउतार बरा साधला. बेबीनंदा शेण काढायला आली आणि दारातच थांबली.

"आबा, हे कुणाला सांगून राह्यले?"

"तुझ्या बापाला."

"मंग माझं नाव कव्हा येतं त्याच्यात?"

पाहिले तर खरेच, तिचे नाव कुठेच नव्हते. 'स्त्रीजात', 'भावी माता', 'उमलती कळी' असे आले होते. दुरुस्ती केली पाहिजे.

२४ मे, शनिवार

शेतात गेलो. शिवाजी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होता. लिंबाखाली उभा राहून मी सुरुवात केली, "चिरंजीव शिवाजी, आज मी तुझ्यासमोर..."

"आबा, पानी आनलं का?"

आणले नव्हते. त्याचेही संपले होते. तो खाली बसला, मीही बसलो. भाषणाची प्रस्तावना उभ्याने करायची होती. बसल्यावर ती लागू पडेना. सभोवती भिंत नव्हती, नुसते रान. बघायला समोर फक्त त्याचे तोंड. दाढीत दोन-तीन केस पांढरे झाले आहेत त्याच्या. मला माहीत नव्हते.

काही सुचेना म्हणून सरळ विचारले, "बेबीला का पाठवत न्हाई तू?"

तो बराच वेळ ढेकळे फोडत राहिला. मग म्हणाला, "आबा, तुमाला फाटा ठाऊक हाये का?"

"म्हणजे काय! जन्म गेला."

"दिवसा ठाऊक हाये तुमाला. मी भोकरदनला शाळंत व्हतो तव्हा तुमी जालन्याला नोकरीवर. आयतवारी येत व्हते. सकाळचं काही न्हाई, समदे संगं निघतात. पन सांजची बस फाट्यावर कव्हा येते? कधी सहाला, कधी दिवे लागल्यावर. तिथून गावापस्तोर निस्ता कच्चा रस्ता. मधी वढा, बाभळीचं बन. मी तर पोरगा व्हतो. मला भ्या वाटायचं. मी मोठ्यानं गानी म्हनत यायचो."

"हे कधी बोलला न्हाईस."

"कुनाला बोलनार?"

मग आपणहून म्हणाला, "लोक म्हनतात शिवाजीला पोरीला शिकवायचं न्हाई. मला शिकवायचं न्हाई असं न्हाई. मला त्यो वढा दिसतो."

माझे तीन मुद्दे होते: शिक्षणाचे महत्त्व, स्त्रियांचे स्थान, काळाची हाक. ओढा एकाही मुद्द्यात नव्हता. मी विचारले, "मंग काय केलं म्हणजे पाठवशील?"

"कोनीतरी घरचं मानूस फाट्यावर थांबलं पायजे. बस येईस्तोर. येक दिवस न्हाई, रोज."

"मी थांबतो."

त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिले. "पावसाळ्यात?"

"छत्री आहे."

तो उठला आणि कामाला लागला. संध्याकाळी ओसरीवर आईला म्हणाला, "आबा फाट्यावर थांबतो म्हनतेत. बघू."

झुंबर म्हणाली, "मला काय सांगतो? ते काय तिथंच बसले."

तयार केलेले भाषण वाया गेले. समारोप तर फार चांगला होता.

२७ मे

संध्याकाळी फाट्यापर्यंत जाऊन आलो. जाताना दम लागला, येताना गुडघा. ओढ्यापाशी थांबलो. उजेड गेल्यावर ते बाभळीचे बन वेगळेच दिसते. कविता आठवावी अशी जागा आहे, पण मी मागे वळून पाहत होतो.

७ जून, शनिवार

मारुतीच्या आरतीनंतर गुरुजींनी माईक दिला. शाळा सोळा तारखेला उघडणार, त्याआधी हा शेवटचा मोका.

चार दिवस तयारी केली होती. पहाटेचे वर्णन काढून टाकले होते, चंद्राचे घातले होते. पण चष्मा घरी विसरला. टिपणाचा कागद हातात, अक्षर दिसेना. देवळाची भिंत तर अंधारातच होती. जवळ बसलेल्यांचे चेहरे तेवढे बल्बच्या उजेडात दिसत होते. मच्छिंद्र पहिल्या रांगेत, डोक्यावर आता केस उगवू लागले आहेत. बायका नेहमीप्रमाणे बाजूला, पिंपळाच्या पारामागे. भोंग्याचे तोंड त्यांच्या उलट्या दिशेला होते. इतकी वर्षे मला वाटत होते त्यांना सगळे ऐकू जाते. मी पोराला सांगून भोंगा फिरवून घेतला. बायकांत जरा कुजबुज झाली.

म्हणालो ते एवढेच:

"माझी नात बेबीनंदा आठवीला भोकरदनला जाणार. सकाळी सगळे मिळून जातील, त्याची काळजी नाही. संध्याकाळच्या बसला मी फाट्यावर थांबणार आहे. बस कितीही उशिरा येवो. जी मुलगी उतरेल तिला तिच्या दारापर्यंत आणून सोडीन. मच्छिंद्रची द्वारकाही येणार आहे. कुणाला आणखी पाठवायची असेल तर पाठवा."

आणि पुढचे काही आठवेना. तसाच उभा राहिलो.

पारामागून प्रभावती उठली. विहाराकडच्या आळीतली, अंगणवाडीत मदतनीस आहे. तिची मुलगीही यंदा पास झाली. ती म्हणाली, "आबा, राग धरू नका. तुमचं वय झालं. तुमी आजारी पडले तर? त्या दिवशी फाट्यावर कोन थांबनार?"

बिनतोड प्रश्न. वक्त्याने अशा वेळी विषयांतर करायचे असते किंवा एखादी ओळ टाकायची. मला एकही ओळ सुचली नाही. खरे होते ते म्हटले, "ते मला माहीत नाही, बाई."

समईची वात तडतडत होती तेवढीच. मी माईक ठेवायला वाकलो.

मागून आवाज आला, "मी थांबीन."

शिवाजी होता. देवळाच्या पायरीवर, चपलांपाशी. तो सभेला कधी येत नाही. सगळे वळून पाहू लागले तशी त्याने मान खाली घातली, पण पुन्हा म्हणाला, "आबाला जमलं न्हाई तर मी थांबीन."

मच्छिंद्र म्हणाला, "अन् मी काय मेलो का? बाजाराच्या दिवशी तसाबी मी भोकरदनलाच आसतो. त्याच बसनं येत जाईन पोरींसंगं."

प्रभावती म्हणाली, "बुधवारी आमचे मालक हायेत."

मग सगळे एकदम बोलू लागले. कुणाचा वार कुठला, ओढ्याला पाणी आल्यावर कुठून यायचे, कंदील कुणाचा, टॉर्च कुणाची. एक म्हातारी पारामागून ओरडली, "अन् ती बाभळी तोडा आधी, मेल्यांनो! वर्सानुवर्सं सांगून राह्यले!" माझ्याकडे कुणी पाहतच नव्हते. माईक चालूच होता. मी तो बंद केला आणि घरी आलो.

आजचे भाषण पडले. एकही टाळी नाही. सुरुवात नाही, समारोप नाही, आणि शेवटी तर लोकांनी सभाच हातातून काढून घेतली. वय झाले हे प्रभावती म्हणते ते बरोबर असावे.

१० जून

गुरुजी भेटले. पाचही मुलींचे दाखले गेले. मला म्हणाले, "आबा, त्या दिवशी कमाल केली तुमी." चांगला माणूस आहे. मन राखायला बोलतो.

१६ जून, सोमवार

पहिला दिवस. सकाळी पाची पोरी मुलांच्या घोळक्यामागून निघाल्या. बेबीनंदाच्या केसांना मालनने इतके तेल लावले होते की कपाळ चमकत होते. झुंबरने दृष्ट काढली आणि काढताना मीठ माझ्याही डोक्यावरून फिरवले.

संध्याकाळी पाचलाच फाट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने शिवाजी आला. आज त्याची पाळी नव्हती. म्हणाला, "आलो असाच." आम्ही दोघे चहावाल्याच्या बाकड्यावर बसलो. मध्ये झुंबर नव्हती. म्हणून बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग तो म्हणाला, "आबा, कपाशी लावायची का औंदा तूर?" मी म्हटले, "तूर लाव. हलक्या रानात कपाशी कष्ट खाते." तो म्हणाला, "मला बी तसंच वाटून राह्यलं."

बस उशिरा आली. पोरी उतरल्या त्या भांडतच. खिडकीजवळ उद्या कोण, यावरून. द्वारका, प्रभावतीची मुलगी आणि आणखी दोघी पुढे झाल्या. शिवाजी त्यांच्याबरोबर टॉर्च घेऊन. बेबीनंदा माझ्याबरोबर मागे राहिली. दप्तर मी मागितले, तिने दिले नाही.

ओढा ओलांडल्यावर म्हणाली, "आबा, आज बाईंनी येकेकीला उभं केलं. नाव सांगा, गाव सांगा, पुढं काय व्हायचं ते सांगा. माझा आवाजच निघंना. येवढी मोठी पोरं-पोरी, समदे बघून राह्यले."

"मग?"

"नावच सांगितलं नुस्तं अन् बसले." थोडे चालून मग विचारले, "तुमी येवढ्या लोकांसमोर कसं बोलता?"

साठ वर्षे मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. श्वास कुठे घ्यावा, हात कुठे ठेवावेत, ओळ कुठे तोडावी, सगळे ओठांवर आले. ती मान वर करून बघत होती. खरेच हवे होते तिला. मी एक-दोनदा तोंड उघडले.

"मला अजून नीट येत न्हाई गं," म्हणालो.

ती खळखळून हसली. तिला वाटले आबा गंमत करतात.

पुढे टॉर्च थांबली. शिवाजीने ऐकले होते. तो हसला नाही. आम्ही त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर उजेड आमच्या पायांपुढे धरून तो तिथेच उभा राहिला.